खडे मारू नयेत

पांढुर्ण्याला प्राणिसंग्रहालय नाही, आणि त्यासाठी आजवर कोणी अर्ज, निवेदन, मोर्चा किंवा आमरण उपोषण केल्याचेही माझ्या ऐकिवात नाही. ज्या गावची प्रजा वर्षातून एक दिवस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, जाम नदीच्या पात्रात उतरून स्वतःच प्रेक्षणीय होते, जिच्या दर्शनासाठी दूरदूरच्या गावांतून लोक गाड्या भरभरून येतात, जिच्या बंदोबस्तासाठी झाडून सारे अंमलदार, पोलीस, डॉक्टर आणि रुग्णवाहिका तैनात होतात, आणि जिच्या डोक्यावर अलीकडे ड्रोन नावाचे यांत्रिक गिधाडही घिरट्या घालू लागले आहे, त्या गावाला पिंजऱ्यातील माकडे पाहण्याची निकड भासू नये, हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे.

हा प्रकार ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नदीच्या मध्यभागी पळसाचे झाड रोवायचे, त्याला झेंडा बांधायचा, एका तीरावर पांढुर्णेकरांनी आणि दुसऱ्या तीरावर सावरगावकरांनी उभे राहायचे. पांढुर्णेकराने ते झाड तोडून झेंडा चंडीमातेच्या देवळात न्यायचा, सावरगावकराने तो नेऊ द्यायचा नाही, आणि या दोन परस्परविरुद्ध हेतूंमधला सारा पत्रव्यवहार दिवसभर दगडांच्या द्वारे चालवायचा, याला गोटमार म्हणतात. पांढुर्ण्याचा एक तरुण आणि सावरगावची एक तरुणी पळून जाताना नदीच्या पात्रातच सापडली आणि दोन्ही तीरांवरून त्यांच्यावर दगड आले, अशी याच्या मुळाशी कथा आहे. ज्यांचे लग्न व्हायचे होते ती दोघे केव्हाच गेली. वऱ्हाडी मात्र अजून भांडत आहेत. यात दरवर्षी शेकडो माणसे जखमी होतात, काही दगावलीही आहेत, तेव्हा ही गोष्ट केवळ हसण्यावारी नेण्यासारखी नाही, आणि सरकारनेही ती तशी नेलेली नाही. जमावबंदीचा हुकूम निघतो, आणि तो हुकूम ऐकायला दरवर्षी मोठा जमाव जमतो. मध्यंतरी दगडांऐवजी रबरी चेंडू पुरवण्याचाही प्रयोग झाला. चेंडू लोकांनी भक्तिभावाने खिशात घालून मुलाबाळांसाठी घरी नेले आणि नदीतले कार्य दगडांवरच पार पडले.

त्याच दिवशी, तिकडे नागपुरात, तान्हा पोळा असतो. तिथली पोरे लाकडाचे नंदीबैल ओढीत दारोदार बोजारा मागत हिंडतात. एका तिथीला एका गावाने लाकडाचा बैल ओढावा आणि दुसऱ्याने सख्ख्या शेजाऱ्याचे कपाळ फोडावे, हा भूगोलाचा महिमा आहे.

यंदाच्या गोटमारीत माझ्या भाच्याच्या कपाळावर सावरगावचा एक गोटा विसावला आणि तीन टाके पडले. भाच्याने ते टाके एखाद्या सनदेसारखे मिरवले, पण त्याची आई, म्हणजे माझी धाकटी बहीण, डोळ्यांना पदर लावून मला म्हणाली, “दादा, याले जरा माणसात आण बाप्पा.” त्याला माणसात आणण्याचा उपाय म्हणून आम्ही त्याला प्राणिसंग्रहालयात नेण्याचे ठरवले.

या मोहिमेत सौंसरचे माझे साडभाऊ सहकुटुंब सामील झाले. साडभाऊ संत्र्याचे बागाईतदार असून स्वभावाने सज्जन आहेत. परंतु त्यांच्या अंतःकरणात एक जुनी जखम आहे, आणि ती टाके घालण्यासारखी नाही. इंग्रजी अमदानीत सौंसर ही तहसील होती आणि पांढुर्णा हे तिच्या हद्दीतले एक गाव. ज्या पांढुर्णेकरांनी त्यांच्या पणजोबांच्या काळी दाखल्यासाठी, नकलेसाठी आणि जमाबंदीच्या झगड्यासाठी सौंसरच्या कचेरीच्या ओट्यावर तिष्ठत बसावे, त्या पांढुर्ण्याचा 2023 साली जिल्हा झाला आणि सौंसर त्या जिल्ह्यात घालण्यात आले. तेव्हापासून साडभाऊ पांढुर्ण्याचे नाव निघाले की सुपारी जोराने कातरतात. भाच्याची पट्टी पाहताच ते म्हणाले, “आमच्याकडं हे असं नाही साडभाऊ. आमचा जामसावळीचा मारोती पाहा. देव बी आडवा निजून हाय. भांडन कायचं अन् तंटा कायचा?” शयनावस्थेतील मारुतीच्या त्या प्रसिद्ध मूर्तीपासून सौंसरच्या समग्र नागरी स्वभावाचा असा निष्कर्ष काढणे तर्कशास्त्राला कितपत मानवेल, हे मी त्यांना विचारले नाही, साडभावाशी वाद घालण्यात दोन्ही घरच्या बायका एक होतात, असा माझा अनुभव आहे.

आता प्राणी पाहायला नागपूरच का, असा प्रश्न भोपाळच्या वाचकाला पडेल. त्याला उत्तर इतकेच, की 1956 पर्यंत आमची राजधानी नागपूर हीच होती. त्या वर्षी 1 नोव्हेंबरला राज्यांची पुनर्रचना झाली, तेव्हा आम्ही जागचे तसूभरही हललो नाही. राजधानीच उठून भोपाळला गेली, आणि नागपूर आधी मुंबई राज्यात व पुढे महाराष्ट्रात दाखल झाले. तेव्हापासून आमचा बाजार, आमचे दवाखाने, आमच्या निम्म्या सोयरिकी आणि आमचा पिंजऱ्यातला वाघ, हे सगळे परराज्यात आहे. पेंचच्या रानातल्या मोकळ्या वाघाचे तसे नाही. तो मध्य प्रदेशात जेवतो, महाराष्ट्रात पाणी पितो, आणि त्याच्याकडे रहिवासाचा दाखला कोणी मागत नाही.

सीताबर्डीजवळचा महाराजबाग मूळचा भोसल्यांचा. तिथले प्राणिसंग्रहालय 1894 सालचे. म्हणजे ज्या वर्षी किपलिंगसाहेबांचे ‘जंगल बुक’ छापून निघाले त्याच वर्षाचे. आमच्या छिंदवाड्याला लागून असलेल्या शिवनीचे रान, तिथला लांडगा, तिथली वैनगंगा, हे सारे त्या साहेबाने अमेरिकेच्या एका थंडगार कोपऱ्यात बसून, शिवनीला पाऊल न लावता, स्टर्नडेल नावाच्या दुसऱ्या एका साहेबाच्या ग्रंथावरून रंगवले. जागेवर न जाता पंचनामा लिहिण्याची ही विद्या पुढे आमच्याकडच्या कित्येक पटवाऱ्यांनी उत्तम रीतीने आत्मसात केली. महाराजबागेचा कारभार आज डॉ. पंजाबराव देशमुख कृषि विद्यापीठाकडे आहे. वाघाची देखभाल कृषि विद्यापीठाने करावी हे ऐकून साडभाऊ क्षणभर विचारात पडले, मग “खरीप का रब्बी?” एवढेच त्यांनी विचारले.

आम्ही पांढुर्ण्याहून गाडीने नरखेड, काटोल करीत नागपूरला उतरलो, साडभाऊ सौंसरहून आले, आणि रविवारी सकाळी उभयपक्षांची भेट बागेच्या फाटकाशी झाली. तिकिटे काढून आत शिरतो न शिरतो तोच भाचा एका पाटीसमोर थबकला. पाटी साधी होती, कोणत्याही प्राणिसंग्रहालयात असते तशी: प्राण्यांना चिडवू नये, खाद्यपदार्थ देऊ नयेत, खडे मारू नयेत. इतर माणसे अशी पाटी वाचीत नाहीत. वाचली तरी ती दुसऱ्यासाठी आहे असे समजतात. परंतु ज्याच्या कपाळी पट्टी आहे आणि जो पाषाणविद्येच्या घराण्यातून आला आहे, त्याला त्या तिसऱ्या कलमापुढून सहज निघून जाता येईना.

“मामा,” तो म्हणाला, “इथं खड्याचंच लिहिलं हाय. गोट्याचं काही लिहिलं नाही.”

अनभिज्ञ वाचकाला हा वितंडवाद वाटेल. पण पांढुर्ण्याच्या कोशात हे शब्द पर्यायवाची नाहीत. खडा तो, जो चपलेत शिरतो आणि ज्याची दखल फक्त टाच घेते. गोटा तो, जो मुठीत बसतो, नदीने घासूनपुसून तयार केलेला असतो आणि ज्याच्यामुळे गोटमारीला तिचे नाव मिळाले आहे. धोंडा तो, जो उचलायला दोन्ही हात लागतात आणि म्हणूनच युद्धाच्या दृष्टीने निरुपयोगी असतो. त्याच्यावर बसून युद्ध पाहतात. मी भाच्याला समजावले की कायद्याचा शब्द पाहू नये, आशय पाहावा. वन्यजीव संरक्षणाचा कायदा 1972 पासून आहे आणि प्राणिसंग्रहालयातील जनावराला नुसते छेडणे हादेखील गुन्हा आहे.

“अन् आमाले छेडनं?”

“त्याबद्दल त्या कायद्यात कलम नाही.”

“पाह्यलं?” साडभाऊ माझ्या पत्नीला म्हणाले. “पाटी वाचाच्या आधी पळवाट वाचते. पांढुर्ण्याचं पानी!”

वाघ झोपला होता. या प्राण्याचे दिवसाचे सोळा-सोळा तास झोपेत व विश्रांतीत जातात, ही गोष्ट शास्त्राला मान्य असली तरी तिकीट काढलेल्या रयतेला मान्य नसते. पिंजऱ्यापुढे जमलेल्या मंडळींच्या मुद्रेवर, मुदतीत काम न झालेल्या पक्षकाराची जी मुद्रा कचेरीच्या दारात दिसते, तीच होती. साहेब आत आहेत, दिसत आहेत, परंतु उठत नाहीत. एक गृहस्थ टाळ्या वाजवीत होते, दुसरे शीळ घालीत होते, आणि तिसऱ्यांनी तर स्वतःच डरकाळी फोडून वाघाला त्याचे कर्तव्य करून दाखवले. वाघाने एक कान हलवला. त्या कानावर समुदायाने पाच मिनिटे काढली.

तेवढ्यात साडभाऊंच्या धाकटीने एक अवघड प्रश्न उपस्थित केला. ती सौंसरला हिंदी शाळेत आहे, आणि तिच्या पुस्तकात पट्टेवाल्याला बाघ म्हटले असले तरी शाळेच्या आवारात, सिनेमात आणि गल्लीत जो कोणी मोठा, मांसाहारी आणि रागीट असेल त्याला सरसकट शेर म्हणतात. घरी आजी त्यालाच वाघ म्हणते. आणि आजीच्या बोलीत बिबट्याही वाघच असतो. “मंग हा शेर हाय का वाघ?” ती म्हणाली. साडभाऊंनी शेर म्हणजे सिंह असे सांगितले, मी म्हणालो, हिंदीत शेर दोघांनाही चालतो, भाच्याने मध्येच सिंहाला बब्बर शेर म्हणतात ही भर घातली, आणि फारसीतून आलेल्या या एका शब्दाने जंगलाच्या सातबाऱ्यावर किती जणांची नावे चढवली आहेत हे सांगण्याच्या बेतात मी होतो, तोच धाकटीने खरा मुद्दा काढला: “पन त्याले आवाज कोनत्या भाषेत द्याचा?” लोक मात्र दोन्ही भाषांत आवाज देत होते. “ऊठ ना रे भाऊ” असे इकडून आणि “ए शेर, उठ जा” असे तिकडून चालले होते, आणि त्याने दोहोंपैकी एकीलाही राजभाषेचा दर्जा दिला नाही.

शेवटी बागेच्या एका रक्षकाला आमची दया आली. उद्या सोमवार, बाग बंद आणि वाघाला उपास, असे त्याने सांगितले. रानात रोज शिकार साधत नाही. तेव्हा पोट ठिकाणावर राहावे म्हणून मोठ्या मांसाहारी जनावरांना आठवड्यातून एक दिवस उपाशी ठेवण्याचा प्रघात पुष्कळ प्राणिसंग्रहालयांत आहे, हे मी वाचले होते. पण हे शास्त्रीय कारण मी सांगण्यापूर्वीच साडभाऊंच्या सौभाग्यवतींनी पिंजऱ्याकडे पाहून हात जोडले होते. “जनावर असून सोमवार करते,” त्या म्हणाल्या, “अन् इथं आमच्याकडं एकादशीले बी चिवडा लागते.” साडभाऊंनी अस्वल पाहण्याची घाई केली.

अस्वलाबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. ते वाळवी खाते, मध खाते आणि हंगामात मोहाची फुले खाते. आमच्या मुलखात मोहफुलांचा शौक असलेल्या इसमाची नोंद अबकारी खात्याकडे असते. अस्वलाची वनखात्याकडे आहे, एवढाच फरक.

परंतु त्या दिवसाचा खरा प्रसंग घडला तो रोह्याच्या कुंपणापाशी. पाटीवर ‘नीलगाय’ असे नाव होते. हा प्राणी गाय नव्हे, हरिणांच्या गोतावळ्यातला, आशियातील सर्वांत थोर अंगाचा कुरंग. पण नावात गाय आल्यामुळे त्याच्यावर हात उचलायला श्रद्धाळू शेतकरी कचरतो, आणि त्याला ही गोष्ट ठाऊक असावी असा मला दाट संशय आहे. नर निळसर राखाडी, मादी पिंगट, नराला दोन आखूड शिंगे, चेहऱ्यावर सेवानिवृत्त शिरस्तेदाराचे औदासीन्य. इतर प्रेक्षक त्याच्याकडे एक दृष्टी टाकून पुढे जात होते. साडभाऊ मात्र जागच्या जागी उभे राहिले. गर्दीत अचानक देणेकरी दिसावा तसे त्यांचे झाले.

“हा,” ते हळूच म्हणाले, “हा तं आमच्या वावरातला हाय.”

मी म्हणालो, असे कसे होईल? हा इथला आहे. पण त्यांचे माझ्याकडे लक्ष नव्हते. मागच्या साली नव्या लावणीतली संत्र्याची कलमे कोणी खुडली, मक्याची कणसे दुधात आली असताना कोणी आडवी केली, चार हात उंच कुंपणावरून कोण रात्री उडी घेते आणि पहाटे जाताना धुऱ्यावर एकाच ठरलेल्या जागी लेंड्यांचा ढीग घालून हजेरी लावून जाते, या सर्व आरोपांची कैफियत त्यांनी त्या प्राण्यासमोर मुद्देसूद मांडली. आरोपी रवंथ करीत होता. मग साडभाऊंनी रक्षकाला गाठले आणि चौकशी आरंभली: याला हिरवा चारा किती, ढेप किती, पाणी कोण बदलतो, आजारी पडला तर डॉक्टर येतो काय, रात्री पहारा असतो काय. रक्षक बिचारा कौतुकाने उत्तरे देत गेला. प्राण्यांविषयी इतकी आस्था दाखवणारा पाहुणा त्याला बहुधा वर्षांतून पहिल्यांदाच भेटला असावा. प्रत्येक उत्तरासरशी साडभाऊंचा चेहरा काळवंडत होता.

“म्हंजे पाहा,” ते अखेरीस म्हणाले, “सरकार दोन-चार रोही पाळते तं त्याईले चारा, डॉक्टर, पहारेकरी अन् तिकीट. अन् मी चवदा रोही पाळून राह्यलो दहा वर्षापासून, सोताच्या खर्चानं, तं मले एक पाटी बी नाही! नुकसानीचं विचाराले जा, तं एक कचेरी म्हन्ते ते दुसऱ्या कचेरीचं काम, अन् दुसरी म्हन्ते जनावर दाखवा. आता रातच्या दोन वाजता त्याले मी बसवून ठेवू का?”

या युक्तिवादाला माझ्यापाशी उत्तर नव्हते. त्यांच्या बागेला फाटक करून तिकीट लावावे, अशी सूचना भाच्याने केली. तिचा त्यांनी थोडा वेळ गंभीरपणे विचार केल्याचे माझ्या लक्षात आले.

माकडांच्या पिंजऱ्याजवळ आमची चुकामूक झाली, आणि भाचा सापडला तो एका मोठ्या घोळक्याच्या मध्यभागी. कोणीतरी त्याला कपाळाची पट्टी कशाची म्हणून विचारले होते, आणि त्याने प्रामाणिकपणे सांगितले होते. पाहता पाहता माकडांपुढची गर्दी ओसरून त्याच्याभोवती जमली. खरेच दगड मारता काय, पोलीस पाहत राहतात काय, टाके किती, दुखते काय, असे प्रश्न सुरू होते. एका बाईंनी आपल्या मुलाला त्याच्याशेजारी उभे करून छायाचित्र काढले. एका दयाळू वृद्धाने त्याच्या हातावर शेंगदाणे ठेवले, आणि ते त्याने खाल्ले. माकडे जाळीला धरून पाहत होती. शेवटी रक्षक शिटी वाजवीत आला आणि गर्दी करू नका, पुढे चला, असे सर्वांना बजावू लागला. साडभाऊ काही अंतरावर एकटे उभे होते. सौंसरच्या मनुष्याला विचारावे असे त्या घोळक्यात कोणाला काही सुचत नव्हते, ही गोष्ट त्यांना लागली असावी.

परतीच्या वेळी स्त्रीवर्गाने गोरेवाड्याचा विषय काढला. नागपूरच्या कडेला 26 जानेवारी 2021 रोजी खुले झालेले ते नवे प्राणिउद्यान पुष्कळ मोठे असून तिथे गाडीत बसवून वाघ, बिबटे आणि अस्वले दाखवतात. “म्हंजे जाळीत आपन, अन् मोकळं जनावर,” साडभाऊ म्हणाले. “त्याचे पैसे कायले द्याचे? तसा तं मी रोज राती मचानावर बसतो.” ठराव नामंजूर झाला.

या गोष्टीला दहा-बारा दिवस झाले असतील. रात्री अकराच्या सुमारास साडभाऊंचा फोन आला. आवाज दबका होता. ते वावरातूनच बोलत होते.

“मक्यात दोन रोही होते आता. एक तं हुबेहूब थो नागपूरवाला. म्या खडा उचलला, अन् साडभाऊ, देवाची शपथ, मले ते पाटी याद आली.”

पशुपक्ष्यांच्या दर्शनाने मनुष्याच्या वृत्तीत एवढा पालट व्हावा, याने मी सद्गदित झालो. “मग?” मी विचारले.

“मंग खडा ठेवून देल्ला अन् गोटा उचलला. पाटीवर खड्याचंच लिहिलं होतं ना.”

“लागला का?”

पलीकडे बराच वेळ रातकिडे ऐकू येत होते.

“नाही लागला,” साडभाऊ म्हणाले. “आमच्या सौंसरात तेची सवय नाही कोनाले. तुमच्या भाच्याचे टाके निंगाले असतीन, तं त्याले चार दिस जागलीले पाठवून द्या.”